वायद्याचे सौदे आणि मुंबईची बँक

मुंबई शहराच्या व्यापारी इतिहासांत १ जुलै १८६५ हा दिवस अशुभ म्हणून नोंदला गेला आहे. त्या आधीं कित्येक महिने शहरांतील लहानथोर माणसांनीं एकमेकांस वचनें देऊन ठेविलीं होतीं. अमुक कंपनीचा शेअर अमुक भावानें १ जुलै रोजीं देईन, अथवा घेईन. दिवस उजाडला तेव्हां घेणाराजवळ पैसा नव्हता, आणि देणारास त्याच्यावांचून दुसरें गिऱ्हाईक नव्हतें. नामांकित पेढ्यांचे दिवाळें निघालेले मालक आणि त्यांचे धनको यांची यादी करावयास बसले तर एकच नांव दोन्ही रकान्यांत लिहावें लागे.

ही कथा बहुधा लोभाची कथा म्हणून सांगितली जाते. कापसाचा भाव चढला, लोक वेडे झाले, भाव उतरला, लोक बुडाले, एवढ्यांत ती आटोपते. ती खोटी नाहीं, पण अपुरी आहे. लोभ त्या सालीं नव्यानें जन्मास आला नव्हता. वायद्याच्या सौद्यांवर नजर ठेवण्यासाठीं केलेला एक कायदा सतरा वर्षें एका दाराशीं पहारा देत उभा होता. आणि ऐन गर्दीच्या वेळीं दुसऱ्या एका कायद्यानें बँकेचें दार सताड उघडून दिलें. हीं दोन्ही दारें एकाच वाड्याचीं आहेत, ही गोष्ट त्या वेळच्या कारभाऱ्यांच्या ध्यानांत आली नाहीं.

वायदा ही वस्तुतः उपद्रवी वस्तु नव्हे. खानदेशांतील शेतकऱ्याचा कापूस अजून बोंडांत आहे, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यास तीन महिन्यांनीं जहाज भरावयाचें आहे. दोघांनीं आजच भाव ठरवून टाकला तर एकास भाव उतरण्याची व दुसऱ्यास तो चढण्याची धास्ती राहत नाहीं. घोटाळा होतो तो मालाची ने-आण गळून पडली म्हणजे. मुदतीच्या दिवशीं माल कोणी द्यावयाचा नाहीं, कोणी घ्यावयाचा नाहीं. ठरलेला भाव आणि त्या दिवसाचा भाव यांतील फरक तेवढा एकानें दुसऱ्यास मोजावयाचा, असें उभयतांच्या मनांत असलें कीं व्यापार संपला आणि पैज सुरू झाली. पण मनांत काय आहे तें कागदावर उमटत नाहीं. मालाचा सौदा आणि फरकाचा सौदा यांचीं चिठ्ठीचपाटीं हुबेहूब सारखीं दिसतात, आणि कायदा करणारांची सारी अडचण येथेंच आहे.

मुंबईस ही अडचण प्रथम शेअरांत भेटली नाहीं, अफूंत भेटली. कंपनी सरकार पाटण्याकडील अफू कलकत्त्यास लिलावानें विकीत असे. पुढील लिलावांत सरासरी भाव काय निघेल, यावर इकडे मुंबईच्या बाजारांत मोठमोठ्या रकमांचे करार होत. करार करणारांपैकीं कित्येकांनीं अफूची पेटी डोळ्यांनीं पाहिलीहि नसेल; त्यांस ती नकोच होती. अशा एका करारावरील दावा मुंबईच्या सुप्रीम कोर्टांतून थेट विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. हरलेल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, ही उघड पैज आहे. पैजेचे पैसे वसूल करून देण्यास न्यायालयानें हात लावूं नये. १८४८ सालीं निकाल झाला तो त्याच्या विरुद्ध. इंग्लंडच्या परंपरागत कायद्याप्रमाणें पैज ही स्वभावतः बेकायदा नाहीं. पार्लमेंटानें १८४५ सालीं जुगारीचे करार रद्दबातल ठरविले खरे, पण तो कायदा हिंदुस्थानास लागू नाहीं. सबब जिंकणारास पैसे मिळाले पाहिजेत, असा न्यायमूर्तींचा कौल पडला. निकाल देतांना त्यांनीं खेदहि व्यक्त केला. त्याच वर्षीं कलकत्त्याच्या सरकारनें १८४८ चा २१ वा कायदा करून पैजेचे सर्व करार निरर्थक ठरविले. पुढें १८५० सालीं प्रिव्ही कौन्सिलानें आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, ती ही कीं नवा कायदा मागील दाव्यांस लावतां येत नाहीं. अर्थात् ज्या अफूवाल्यांमुळें कायदा झाला ते त्याच्या कक्षेंतून सुटलेच.

एवढ्यानें फरकाचे सौदे थांबले असें मात्र कोणी समजूं नये. करारांत ‘माल प्रत्यक्ष द्यावा’ असें एक वाक्य घातलें कीं करार कागदोपत्रीं मालाचा होई. मग न्यायाधीशानें शोधावयाचें तें दोघांचें मन; आणि तेंहि दोघांचें, एकाचें पुरत नसे. दोघांपैकीं एकजण जरी खरोखर माल देण्याघेण्यास सिद्ध असला तरी ती पैज होत नाहीं, असा दंडक पडला. दलालास हें वाक्य लिहावयास अर्ध्या ओळीची शाई लागे. विलायतेंत तरी निराळें काय होतें? लंडनच्या शेअरबाजारांतील तेजी-मंदीचे करार बंद करणारा सर जॉन बर्नार्ड याचा कायदा १७३४ सालचा. तो सव्वाशें वर्षें पुस्तकांत राहिला, बाजारानें त्यास फारशी दाद दिली नाहीं, आणि १८६० सालीं पार्लमेंटानें तो मुकाट्यानें काढून टाकला. त्याच्या पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें.

युद्धाकडे वळण्यापूर्वीं बँकेची हकीकत सांगितली पाहिजे. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० सालीं ५२ लाख २५ हजार रुपयांच्या भांडवलानें निघाली. त्यांत ३ लाख रुपये कंपनी सरकारचे होते आणि कांहीं डिरेक्टर सरकार नेमीत असे. त्यामुळें लोक तिला सरकारी बँकच समजत. पेन्शनर, विधवा, अज्ञान मुलांचे पालक अशा मंडळींस तिचे शेअर म्हणजे घरांत पुरलेल्या हंड्याइतके निर्धास्त वाटत. या विश्वासास आधारहि होता. तिच्या सनदेनें तिचे हात आवळून बांधले होते. तीन महिन्यांहून अधिक मुदतीचें कर्ज नाहीं. जमिनीच्या गहाणावर नाहीं. स्वतःच्या शेअरांवर नाहीं. एका असामीस ठरलेल्या मर्यादेपलीकडे नाहीं. तारण घ्यावयाचें तें सरकारी रोख्यांचें, सोन्याचांदीचें किंवा लवकर न नासणाऱ्या मालाचें. बँक त्या काळीं स्वतःच्या नोटा काढीत असे, आणि ज्याच्या कागदावर लोक पैसा म्हणून विश्वासतात त्यानें कसें वागावें, हें सरकारनें ठरविणें क्रमप्राप्त होतें.

१८६१ सालीं कागदी चलनाचा कायदा झाला आणि पुढल्या वर्षीं नोटा काढण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला. त्याचा मोबदला म्हणून सरकारी खजिन्याची शिल्लक वापरावयास बँकेच्या स्वाधीन झाली. आतां नोटाच नाहींत, तर जुन्या बेड्या तरी कशास हव्यात, असा विचार पुढें आला. तो वरवर पाहतां तर्कशुद्धच होता. १८६३ च्या १० व्या कायद्यानें बँकेस नवी सनद मिळाली आणि तींतून जुनीं बंधनें बहुतेक गळालीं. कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली ती याच कायद्यानें. बंगाल बँकेसहि १८६२ सालीं अशीच सवलत दिली गेली होती, आणि ती बँक बुडाली नाहीं, हें येथें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. पण कलकत्त्यास त्या वेळीं मुंबईसारखें वारें वाहत नव्हतें.

त्या वाऱ्याचें वर्णन दिनशा वाच्छा यांनीं पुढें १९१० सालीं एका इंग्रजी पुस्तकांत केलें. तरुणपणीं त्यांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें होतें. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरें अडविलीं गेलीं आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड येथील कापूस मुंबईच्या धक्क्यावर लोटला. भाव तिप्पट-चौपट झाले. लोकांनीं गाद्या उसवून आंतला कापूस बाजारांत नेला अशी आख्यायिका आहे, आणि ती अगदींच पोकळ नसावी. नेहमींच्या भावाहून मुंबईच्या पदरांत पांच वर्षांत सात-आठ कोटी पौंड जादा पडले, असा अंदाज त्या काळच्या लेखकांनीं दिला आहे. एवढा पैसा घरांत मावेना. १८६५ च्या आरंभास शहरांत ३१ बँका, १६ फायनॅन्शियल असोसिएशनें, ८ जमीन-कंपन्या आणि बाकीच्या किती तरी कंपन्या निघाल्या होत्या. १८६० च्या सुमारास शेअरदलाल होते साठ. तीनचार वर्षांत ते दोनअडीचशें झाले. टाऊन हॉलसमोरील वडाच्या सावलींत त्यांस जागा पुरेना, म्हणून ते रस्त्यांवर उभे राहून सौदे करूं लागले. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत ज्या शहराचें चित्र आहे तें शहर पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोंच पालटलें.

सर्वांत झगमगाट होता बॅक-बे कंपनीचा. समुद्र हटवून जमीन काढावयाची, हा तिचा उद्देश. ५,००० रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव चढत चढत ५०,००० च्या घरांत गेला. समुद्र होता तेथेंच होता.

आतां वायदा आणि बँक यांची गांठ कशी पडली तें नीट पाहिलें पाहिजे, कारण मर्म तेथें आहे. समजा, एका गृहस्थानें एका नव्या कंपनीच्या शेअरचा पहिला हप्ता भरला. बाजारांत शेअर चढला. चढलेल्या भावानें तो शेअर त्यानें बँकेंत तारण ठेविला आणि कर्ज काढलें. त्या कर्जांतून दुसऱ्या कंपनीचा हप्ता भरला, आणि तिसऱ्या कंपनीचे शेअर १ जुलैच्या वायद्यानें घेण्याचें वचन दिलें. वायद्यास रोकड लागत नसे, केवळ पत लागे. आणि ‘आपलें बँकेंत खातें आहे’ हीच त्याची पत. वायद्याच्या खरेदीनें भाव आणखी चढले, भाव चढल्यानें बँकेजवळील तारणाची किंमत वाढली, किंमत वाढली म्हणून बँक आणखी कर्ज देण्यास मोकळी झाली. जिनाच जिन्यास आधार देत वर चालला होता. बँकेनें स्वतः वायद्याचा एकहि सौदा केला नव्हता. तरी ती शहरांतील सर्वांत मोठी तेजीवाली होऊन बसली, कारण भाव उतरल्यास अखेर बुडावयाचें होतें तें तिचें. १८४८ च्या कायद्यास यांतलें कांहींच दिसत नव्हतें. तो पैज शोधीत होता; आणि येथें प्रत्येक कागद सुटासुटा पाहिला तर रीतसर कर्जाचा किंवा रीतसर खरेदीचा होता.

बँकेचें भांडवल या दिवसांत चौपट, म्हणजे २ कोटी ९ लाखांवर नेलें गेलें. प्रेमचंद रायचंद या काळचा शेअरबाजाराचा अनभिषिक्त राजा. तो बँकेचा डिरेक्टर झाला, आणि बँकेचा चिटणीस जेम्स ब्लेअर हा त्याच्या शब्दाबाहेर जात नसे. प्रेमचंदची चिठ्ठी घेऊन गेलेल्या मनुष्यास कर्ज मिळे, असा लौकिक होता. कित्येकांस तर शेअरांचेंहि तारण न घेतां नुसत्या सहीवर पैसे दिले गेले. डिरेक्टरांपुढें कागद येत. ते किती वाचले जात हें पुढें चौकशींत उघड झालें.

९ एप्रिल १८६५ रोजीं जनरल ली यानें शस्त्र खालीं ठेविलें. ही बातमी मुंबईस पोंचेपर्यंत मे महिना लागला होता. कापूस कोसळला, त्याच्या मागोमाग शेअर कोसळले, आणि १ जुलै ही मुदत तशीच पुढें येत राहिली. पुढें पुढें बॅक-बेचा शेअर दोन हजारांच्याहि खालीं गेला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर एके काळीं २,८५० पर्यंत चढला होता. त्यास ८७ रुपये मिळणें मुष्किल झालें. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वान्, दानशूर, गरिबांस मोफत औषध देणारा पुरुष या वावटळींत सर्वस्व गमावून बसला. लोभी माणसेंच बुडालीं, अशी समजूत करून घेणारांनीं हें एक नांव विसरूं नये.

कायदे झाले ते आतां. १८६५ च्या २८ व्या कायद्यानें बुडालेल्या इस्टेटी विश्वस्तांमार्फत धनकोंत वांटून देण्याची सोय केली. कारण नेहमींच्या दिवाळखोरीच्या कोर्टास एवढ्या गर्दीचा उलगडा करणें वर्षानुवर्षें शक्य नव्हतें. मुंबई सरकारनेंहि त्याच सालीं आपला तिसरा कायदा करून १८४८ च्या कायद्यास पुरवणी जोडली. पैजेचा करार तर रद्दबातल होताच. आतां त्या पैजेपायीं दिलेलें कर्ज, दलाली, अडत यांचेहि दावे चालणार नाहींत असें ठरलें. हा कायदा विचारपूर्वक केलेला होता, यांत संशय नाहीं. पैजेच्या पाठीमागें उभ्या राहणाऱ्या सावकारापर्यंत प्रथमच त्याचा हात पोंचला. परंतु तोहि पैजेवरच बेतलेला. शेअरांच्या तारणावर बँकेनें दिलेलें कर्ज पैजेसाठीं दिलें हें कोण सिद्ध करणार? बँकेच्या १८६३ च्या सनदेस त्या सालीं कोणी हात लावला नाहीं. बँक चालूच होती. बुडीत कर्जें वह्यांत येणें म्हणून उभींच होतीं. सर बार्टल फ्रियर यांचें मुंबई सरकार आणि कलकत्त्याचें हिंदुस्थान सरकार यांचा पत्रव्यवहार चालला होता. १८६६ च्या मे महिन्यांत लंडनची ओव्हरएंड गर्नी ही जुनी पेढी बसली आणि त्या धक्क्यानें मुंबईंतील उरलेसुरलें अवसान गेलें. बँकेचें कामकाज गुंडाळावें लागलें, आणि जानेवारी १८६८ मध्यें त्याच नांवाची नवी बँक १ कोटीच्या भांडवलानें उभी करण्यांत आली. जुन्या २ कोटी ९ लाखांपैकीं १ कोटी ८९ लाख गेले होते.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं १८६८ सालीं चौकशीमंडळ बसलें. अपयशाचीं कारणें देतांना मंडळानें जें अग्रस्थानीं घातलें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १८६३ च्या कायद्यानें जुन्या सनदेंतील निर्बंध सोडून दिले, हें तें कारण. चिटणिसांचा दुबळेपणा व अप्रामाणिकपणा, डिरेक्टरांची बेफिकिरी आणि अपात्रता, काळाची विलक्षणता, चांगल्या कायदेशीर सल्ल्याचा अभाव, हीं त्याच्या बरोबरीनें आलीं. लोक मात्र बोट दाखवीत राहिले ते प्रेमचंदकडे. त्याचा दोष मोठा होता, आणि त्याचें दानहि मोठें होतें. विश्वविद्यालयाच्या आवारांतील राजाबाई टॉवर त्याच्या आईच्या नांवें, त्यानें भरल्या दिवसांत दिलेल्या पैशांतून उभा राहून १८७८ सालीं पुरा झाला. पण एका माणसाच्या माथीं सारें खापर फोडलें कीं सनदेचा मसुदा लिहिणारे मोकळे सुटतात. प्रेमचंद बँकेंत शिरला तो उघड्या दारानें.

लंडनकरांनींहि याच सुमारास एक कायदा केला. ओव्हरएंड गर्नीच्या पतनानंतर बँकांच्या शेअरांवर मंदीवाल्यांनीं हल्ला चढविला, अशी तेथें ओरड झाली. तेव्हां १८६७ सालीं लीमन नांवाच्या सभासदानें असा कायदा मंजूर करविला कीं बँकेच्या शेअरच्या विक्रीकरारांत त्या शेअरचा अनुक्रमांक लिहिलाच पाहिजे. हातांत नसलेला शेअर विकतां येऊं नये, ही त्यांतील युक्ति. लंडनच्या शेअरबाजारानें हा कायदा सरळ बाजूस ठेविला. आंकड्यांवांचून सौदे होत राहिले आणि सभासद एकमेकांचा शब्द पाळीत राहिले.

हिंदुस्थान सरकारनें १८७६ सालीं प्रेसिडेन्सी बँकांचा कायदा केला, तो निराळ्या वळणाचा होता. सट्टा म्हणजे काय, पैज कशी ओळखावी, या वादांत तो शिरलाच नाहीं. बँकेनें काय करूं नये एवढेंच त्यांत सांगितलें: तीन महिन्यांपलीकडे कर्ज नको, जमिनीवर नको, कंपन्यांच्या शेअरांवर नको, परदेशी हुंडणावळींत पडूं नये. म्हणजे १८४० चींच बंधनें, थोडीं अधिक कडक. व्यापारी मंडळी या कायद्यास पन्नास वर्षें नांवें ठेवीत आली, आणि त्यांच्या तक्रारींत तथ्य होतें. कारखान्यास लांब मुदतीचें भांडवल हवें असे, तें या बँकांकडून मिळत नसे. पण १९१३ सालीं स्वदेशी बँकांवर आकाश कोसळलें तेव्हां प्रेसिडेन्सी बँका उभ्या राहिल्या. त्या वर्षीं मुंबईची इंडियन स्पीशी बँक बुडाली, ती चांदीच्या सट्ट्यांत. तिला १८७६ चा कायदा लागू नव्हता. ती साध्या कंपनी-कायद्याखालीं चालणारी बँक. मालाची खरेदी-विक्री बँकेनें करूं नये, असें कलम सर्वच बँकांस लागू झालें तें १९४९ च्या बँकिंग कायद्यानें, छत्तीस वर्षांनंतर.

मध्यंतरीं वायदेबाजारावर कायद्यांची रीघच लागली. शेअरांच्या करारांसाठीं मुंबईंत १९२५ चा कायदा झाला. मग मालाच्या वायद्यांसाठीं १९५२ चा आणि रोख्यांसाठीं १९५६ चा असे अखिल भारतीय कायदे झाले. तेजी-मंदीचे नजराण्याचे करार त्यांनीं बंद केले. १९६९ च्या जूनमध्यें शेअरांचा वायदाच सरकारनें मना केला. तरी बदल्याच्या रूपानें तो जिवंत राहिला, पुनः बंद झाला, पुनः आला, आणि जुलै २००१ पासून बदला गेला तेव्हां त्याआधींच, जून २००० मध्यें, निर्देशांकाचा वायदा कायदेशीर वाजतगाजत बाजारांत आला होता. ही सारी ये-जा सांगत बसण्यांत अर्थ नाहीं. पण तींत एक गोष्ट पुनःपुनः दिसते: वायद्यांचे कायदे झाले ते दलालांसाठीं, आणि बँकांचे कायदे झाले ते बँकांसाठीं, दोहोंच्या मधल्या बोळांत काय चाललें आहे तें पाहणारा कोणी नव्हता.

१९९२ सालीं घोटाळा झाला तो त्याच बोळांत. बँकांनीं आपसांत सरकारी रोखे आज विकावयाचे आणि ठरल्या दिवशीं ठरल्या भावानें परत घ्यावयाचे, हा व्यवहार वस्तुतः तारणावरील अल्प मुदतीच्या कर्जासारखा. रिझर्व्ह बँकेनें त्यास मर्यादा घातल्या होत्या. पण रोखे प्रत्यक्ष न देतां ‘रोखे आमच्याकडे आहेत’ अशी पावती देण्याची चाल पडली, आणि कराडच्या एका लहान बँकेनें व मुंबईच्या एका सहकारी बँकेनें रोखे मुळींच नसतां अशा पावत्या दिल्या. मोठ्या बँकांचा पैसा त्या पावत्यांवरून एका दलालाच्या हातीं आणि तेथून शेअरबाजारांत गेला. जानकीरामन समितीनें अडकलेली रक्कम सुमारें ४,००० कोटी रुपये काढली. १८६४ सालीं शेअर दाखवून बँकेचा पैसा बाजारांत नेला जाई. १९९२ सालीं रोख्याची नुसती पावती पुरली.

यानंतर कायद्यानें एक मोठें वळण घेतलें, तें सामान्य वाचकांच्या नजरेंतून बहुधा निसटलें. चलनाचे आणि व्याजदराचे फरकाचे करार बाजाराबाहेर, बँक आणि तिचें गिऱ्हाईक यांच्यांत होऊं लागले होते. ते पैज ठरतील काय, ही टांगती तलवार होती. २००६ सालीं रिझर्व्ह बँकेच्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि ठरलें असें कीं, दोहोंपैकीं एक पक्ष जर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील बँक वा तत्सम संस्था असेल, तर असा करार वैध. १८६५ च्या कायद्यानें पैजेस पैसा पुरविणाऱ्या सावकारावर हात टाकला होता. आतां बँकेची उपस्थिति हीच कराराच्या शुद्धतेची खूण झाली. त्याबरोबर बँकेवर एक कर्तव्यहि आलें. एप्रिल २००७ च्या मार्गदर्शक नियमांत रिझर्व्ह बँकेनें सांगितलें कीं गिऱ्हाइकास करार समजतो काय आणि तो त्याच्या धंद्यास योग्य आहे काय, हें बँकेनें पाहिलें पाहिजे.

नियम निघाला तेव्हां असे करार विकले जातच होते, आणि नियम निघाल्यावरहि ते विकले गेले. रुपया त्या वर्षीं वधारत होता. निर्यातदारांचे, विशेषतः तिरुपूरच्या विणमाल कारखानदारांचे, डॉलर घरांत येईतों स्वस्त होत होते. त्यांस भीति होती ती रुपया-डॉलरच्या भावाची. कित्येकांच्या गळ्यांत करार पडले ते डॉलर आणि स्विस फ्रँक यांच्या भावाचे, किंवा डॉलर आणि येन यांच्या. पहिल्या कांहीं महिन्यांत त्यांतून थोडी प्राप्ति व्हावयाची, आणि अमुक रेषा ओलांडली गेली तर मात्र हानीस तळ नाहीं, अशी त्यांची रचना. रेषा ओलांडली गेली. २००८ सालीं दावे उभे राहिले. तामिळनाडूंतील एका साखर कारखान्यानें मद्रासच्या उच्च न्यायालयांत, फ्रँकशीं आपल्या धंद्याचा कांहींएक संबंध नसतां झालेला हा करार म्हणजे निव्वळ पैज होय, असें म्हणणें मांडलें. एकशें साठ वर्षांपूर्वीं अफूच्या खटल्यांत हरलेल्या पक्षाचें म्हणणें शब्द बदलून हेंच होतें. न्यायालयानें त्याच वर्षीं तें अमान्य केलें. करार पैजेचा नाहीं असा निर्णय दिला.

रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०११ मध्यें, योग्यायोग्यता न पाहतां असे करार केल्याबद्दल आणि तत्संबंधीचे इतर नियम मोडल्याबद्दल, १९ बँकांस दंड केला. दंड प्रत्येकी ५ ते १५ लाख रुपयांचा होता.